.३१५ चालते मग .३०३ का नाही? बाबांची रायफल नावावर करताना पडलेला प्रश्न

सत्तरीचो_पूत

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी आणि वर डोंगरावर काजू. आजोबांच्या हयातीत शेती राखायला म्हणून लायसनची रायफल घेतलेली, इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५, ती नंतर बाबांच्या नावावर झाली. आता बाबांना ७४ पूर्ण झाली, उजवा खांदा वर जात नाही, ते म्हणतात एकतर तुझ्या नावावर करून घे नाहीतर जमा करून टाक एकदाची, दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन ठेवायची आणि परत आणायची हा ताप मला नको. मागच्या वेळी परत आणली तेव्हा नळीत बोट घातलं तर बोटाला तांबडी पूड लागली, ऐन पावसाळ्यात जमा केलेली, कुणी चिंधी सुद्धा फिरवली नव्हती. कुठलं ठाणं ते राहू दे.

तर विषय असा. चवथीला सगळे जमलेले, गणपतीवरची माटोळी बांधता बांधता रायफलीवरून विषय निघाला आणि माझा मावसभाऊ म्हणाला .३१५ ला कलेक्टर ऑफिसातून लायसन मिळतं पण .३०३ असती तर मिळालं नसतं, ती प्रोहिबिटेड, म्हणजे बंदीतली. मी म्हटलं हे कसलं गणित? .३१५ म्हणजे .३०३ पेक्षा मोठी ना? मोठी चालते आणि लहान चालत नाही? त्याला काही सांगता येईना, मला तर नाहीच नाही, आणि घरातली सगळी बायकामाणसं हसायला लागली की दोघे मिळून एका बंदुकीचा हिशेब करू शकत नाहीत.

अजून दोन गोष्टी विचारतो आताच, परत परत नको. एक, माझा मित्र कॅनडात आहे तो म्हणतो जुनी .३१५ देऊन .३०८ घे, गोळ्या जगात कुठेही मिळतात. दोन, आमच्या धाकट्या काकांच्या घरी माजघरात भिंतीवर पोर्तुगीज काळातली एक रायफल टांगलेली आहे, लहानपणापासून बघतो, तिला कसलंच लायसन नाही, काका म्हणतात गोळ्याच मिळत नाहीत तर लायसन कशाला. हे बरोबर की काका आत जाणार?

नेमबाज_म्हापसा

सोपं आहे. सैन्याचं बोअर ते पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, बाकी सगळं एनपीबी, नॉन-प्रोहिबिटेड बोअर. एनपीबीचं लायसन जिल्हा दंडाधिकारी देतात, तुमच्यासाठी उत्तर गोवा, पणजी. पीबी हवं तर दिल्लीला गृह मंत्रालय, आणि ते साध्या माणसाला मिळत नाही. .३०८ विसरा, ती पीबीत जाते. मी स्वतः .२२ वर आहे, तिची गोष्टच वेगळी, रिमफायर लो व्हेलॉसिटी, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी कमी वेगाची, म्हणून यादीत तिला वेगळी ओळ.

सत्तरीचो_पूत

हां पण का? सैन्याचं बोअर म्हणजे नक्की काय, नळीचं भोक मोजतात का? .३०८ पीबी आणि .३१५ एनपीबी, मधेच कुठेतरी रेघ मारलीय का?

खडकीवाला_काका

रेघबिघ काही नाही. मी मूळ फोंड्याचा, खडकीला दारूगोळा कारखान्यात ३१ वर्षं काढली, आता परत गावात येऊन बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो, वाचायचं तर वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा पूतबाब, कायदा नळीचं भोक बघत नाही आणि ताकदही बघत नाही. कायदा बघतो चेंबर. चेंबर म्हणजे बोल्ट, मुठीने सरकवायचा तो मागचा दांडा, मागे ओढला की समोर जी पोकळी दिसते, जिथे काडतूस जाऊन बसतं, ती. तुमची रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून बोल्ट मागे घ्या आणि बॅटरी मारून बघा, पोकळी सरळ नळासारखी नाही दिसणार, मागे रुंद, मग एक उतार, मग अरुंद. तो उतार म्हणजे पुंगळीचा, काडतुसाच्या पितळी कवचाचा, खांदा जिथे टेकतो ती जागा. प्रत्येक काडतुसाचा खांदा वेगळा, मान वेगळी, लांबी वेगळी, मागची कडा वेगळी. एका काडतुसाच्या मापाने कातलेलं चेंबर हे त्या काडतुसाचंच घर.

आता नियम. हत्यार कायदा १९५९ चा, त्याखाली १९६२ चे नियम होते आणि २०१६ ला नवे आले. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात कॅटेगरी लिहिल्यात. त्यातल्या एकात असं आहे, माझ्या शब्दांत सांगतो, .३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या बोल्ट ॲक्शन किंवा सेमी-ऑटो रायफली, किंवा दुसऱ्या कुठल्याही बोअरच्या ज्यांच्या चेंबरमध्ये .३०३ किंवा ७.६२ चं सर्व्हिस ॲम्युनिशन बसतं आणि उडतं. सगळा खेळ या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे. म्हणजे तुम्ही रायफलीला नाव काहीही द्या, तिच्यात सरकारी गोळी बसली की ती सरकारी रायफल.

हे आलं कुठून तर भीतीतून. सरकारच्या कोठारात ज्या गोळ्यांच्या पेट्या लाखांनी पडल्यात त्यातली एक पेटी जरी बाहेर गेली तरी ती चालवायला बाहेर बंदूकच नको. हा इंग्रजांचा विचार, आपण तसाच उचलला.

आता तुमचं गणित. .३०३ चं काडतूस घ्या, पुंगळीची लांबी ५६ मिमी. .३१५ म्हणजे ८ मिमी, तिची पुंगळी ५० मिमी. पुंगळीचं पोट .३१५ चं जाडं, खांदा वेगळ्या ठिकाणी, गोळी सुद्धा जाड. नावातला आकडा मोठा की लहान याला काही अर्थ नाही, ते फक्त नळीचं नाव. .३१५ ही आपल्या फौजेची गोळी नाही, म्हणून ती साध्या माणसाला. आणि हो, कुणी सांगितलं म्हणून दुसऱ्या मापाची गोळी घालून बघू नका, मी कारखान्यात प्रूफ टेस्टला फाटलेली चेंबरं बघितलीत, तिथे जाड काचेमागे माणूस असतो, तुमच्या कुळागरात तुमचं तोंड असेल.

गंमत म्हणजे तुमची .३१५ आणि ती .३०३ या एकाच घरच्या. इशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एनफील्डच्या धाटणीवर .३०३ झाली फौजेला, नंतर त्याच धाटणीवर २ए आणि २ए१ झाली ७.६२ ची, आणि त्याच धाटणीवर ही .३१५ झाली शेतकऱ्याला आणि बँकेच्या वॉचमनला. बोल्टची मूठ तीच, ओढायची लकब तीच. तीन भावंडं, फरक फक्त चेंबरात.

.३०८ चं उत्तर पण यातच आलं. .३०८ विंचेस्टर १९५२ ला अमेरिकेत शिकारीसाठी बाजारात आली आणि दोन वर्षांनी जवळजवळ तेच काडतूस ७.६२ गुणिले ५१ नावाने नाटोने घेतलं, आपल्या फौजेची जुनी एसएलआर रायफल त्याच काडतुसाची. तिच्यात ही बसते, हिच्यात ती बसते. संपला विषय. तुमच्या कॅनडावाल्याला सांगा तिकडचं तिकडे ठेव.

पण .३०-०६ घेता येते! इशापूरनेच बनवली आणि एनपीबीत विकली. आता ऐका, .३०-०६ ची गोळी आणि .३०८ ची गोळी जाडीला एकच. अगदी एकच, एकाची काढून दुसऱ्याला लावली तर कळणार नाही. पण .३०-०६ ची पुंगळी ६३ मिमी आणि ७.६२ नाटोची ५१. १२ मिमी पितळ. त्या १२ मिमीवर एक रायफल पणजीला मंजूर होते आणि दुसरी दिल्लीला जाऊन पडते.

कुळागर_टेन्शन

एवढं वाचण्यापेक्षा माकडांना सुतळी बॉम्ब लावा, मी तेच करतो 😄 नारळ तरी वाचतात अर्धे

नेमबाज_म्हापसा

@कुळागर_टेन्शन हसू नका, तो मुद्दा पण आहे. शेती राखायचं लायसन म्हणजे प्राणी मारायचं लायसन नाही. वन खात्याच्या परवानगीशिवाय गवा, डुक्कर, माकड काहीही पाडलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी केस, रायफल एनपीबी होती हे सांगून सुटका नाही.

@खडकीवाला_काका मान गये. मी इतकी वर्षं पीबी एनपीबी म्हणतोय आणि मला वाटायचं पॉवरवर असेल.

खडकीवाला_काका

पॉवरवर असतं तर .३७५ मॅग्नम पहिली बंद झाली असती. हत्तीगव्यासाठीची गोळी, .३०३ च्या दीडपटीहून जास्त दणका, आणि ती एनपीबी. का, तर कुठल्याच शिपायाला ती देत नाहीत.

आणि उलटं उदाहरण हवं तर .४१० मस्केट. जुन्या .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी केलेली, एका वेळी एकच गोळी, पुंगळी .३०३ चीच पण मान न आवळलेली, सरळ. रायफलीपुढे अगदी गरीब हत्यार. तरी नियमात तिचं नाव घेऊन लिहिलंय आणि पुढे तेच शेपूट, जिच्यात .४१० मस्केटचं काडतूस उडतं ती कुठलीही. दणका नाही, पल्ला नाही, पण काडतूस सरकारी.

पिस्तुलांचं पण असंच आहे, ९ मिमी सर्व्हिस, .३८०, .४५५ हे आत, म्हणून तर आपल्याकडे जो तो .३२ घेऊन फिरतो. .३२ कुणाला आवडते म्हणून नाही.

सत्तरीचो_पूत

काका तुम्ही तर डोळे उघडले. पण मग ही .३१५ आली कुठून? कुणीतरी मुद्दाम बसून शोधली की .३०३ नको म्हणून दुसरं काहीतरी काढा?

पणजीकर_जुनंपुराणं

शोधली नाही, उसनी आणली. .३१५ म्हणजे ८ गुणिले ५० रिमवाली मानलिखर, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेची एकोणिसाव्या शतकातली गोळी. म्हणजे बघा, तीही फौजेचीच होती, पण दुसऱ्याच्या फौजेची! हिंदुस्थानात इंग्रजांना धोका .३०३ चा, व्हिएन्नाच्या गोळीचा कसला धोका. म्हणून ती हिंदुस्थानात खाजगी शिकारीला चालली. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य १९१८ ला बुडालं पण त्याची गोळी आपल्या खडकीत अजून भरली जाते, हे मला फार आवडतं.

आणि चेंबरच्या आधीची एक पायरी आहे, ती काकांनी सांगितली नाही म्हणून मी सांगतो. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. या होत्या साहेब लोकांच्या महागड्या दुनळी एक्सप्रेस रायफली, वाघ-हत्तीच्या. बंद का? कारण लोकांच्या हातात जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका राहिल्या होत्या, .५७७/.४५० काडतुसाच्या. साहेबाचं काडतूस त्यात बसायचं नाही, पण त्यातली शिशाची गोळी काढून मार्टिनीच्या पुंगळीत भरता आली असती. म्हणजे तिथे भीती चेंबरची सुद्धा नव्हती, निव्वळ गोळीच्या जाडीची.

मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं असेल? रडत बसले नाहीत. हॉलंड अँड हॉलंडने .५००/.४६५ काढली, जोसेफ लँगने .४७०, आणखी कुणी .४७५, .४७६. सगळी एक केस इकडे, एक केस तिकडे, फक्त .४५० नको. आज .४७० नायट्रो एक्सप्रेस म्हटलं की आफ्रिकेतले शिकारी टोपी काढतात, आणि तिचा जन्म म्हणजे हिंदुस्थानातल्या एका आयात बंदीला काढलेली पळवाट. पूतबाब तुम्ही विचारलं ना रेघ मारलीय का, तर एकदा मारली होती, आणि ती ओलांडायला त्यांना फार वेळ लागला नाही. म्हणून मला वाटतं नंतरचा नियम चेंबरवर लिहिला तो जास्त शहाणपणाचा.

आता तुमच्या काकांची भिंतीवरची. गोव्यात इंग्रजांचा कायदा नव्हता, इथे दुसराच संसार. पोर्तुगालने १९०४ ला माऊझर-व्हर्गेरो घेतली, ६.५ मिमीची. मग १९३७ ला जर्मनीकडून माऊझर घेतली ती ७.९२ ची. मग दोन गोळ्या सांभाळायला नकोत म्हणून १९३९ पासून जुन्या १९०४ च्या बऱ्याच रायफलींना पण नळी आखूड करून ७.९२ ची करून घेतलं. म्हणजे नळीच्या लांबीवरून कुठली ६.५ ची आणि कुठली ७.९२ ची याचा अंदाज येतो, पण खात्री चेंबर मोजूनच. बंदुकीचा फोटो टाकून पीबी का एनपीबी विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण गोळ्या मिळत नाहीत म्हणून लायसन नको हे मात्र साफ चूक. आपल्या कायद्यात कलम ४५ आहे, जुन्या धाटणीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडलेलं हत्यार चालतं, पण ते दुरुस्त करून सुद्धा बंदूक म्हणून वापरता येऊ नये ही अट. गोळी बाजारात मिळते की नाही याचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे भिंतीवरची रायफल धड असेल तर ती रायफलच. काकांना चांगला वकील बघून द्या आणि त्याला बरोबर घेऊनच ठाण्यात जायला सांगा. स्वतःहून गेलेला माणूस आणि सापडलेला माणूस यांच्याकडे बघायची नजर वेगळी असते.

स्विंडनकर

देव बरें करूं, मजा आली वाचून. मी मूळ डिचोलीचा, सध्या इंग्लंडात, आमच्यासारखे पोर्तुगीज पासपोर्टवाले इथे भरपूर. पणजीकर म्हणतात ते कलम ४५ वाचून मला इथलं आठवलं कारण इथे बरोबर उलटं आहे. इथे सरकारने कालबाह्य काडतुसांची यादीच केलीय. तुमची जुनी रायफल त्या यादीतल्या काडतुसाची असली आणि तुम्ही ती शोभेची म्हणून ठेवली तर सर्टिफिकेट, म्हणजे इथलं लायसन, लागत नाही, मग ती अगदी चालू स्थितीत का असेना. मार्टिनी-हेन्री .५७७/.४५० ची भिंतीवर बिनधास्त टांगतात लोक, मी इथल्या एका म्हाताऱ्याच्या घरी चुलीच्या वर बघितलीय, तेल लावून चकाचक. तीच मार्टिनी जर .३०३ ची केलेली असली, तशा पण खूप झाल्या, तर मात्र तिला सर्टिफिकेट पाहिजे. बंदूक तीच, बाहेरून फरक शून्य. २०२१ ला नवा नियम आला आणि यादीतली सात काडतुसं काढून टाकली कारण गुन्ह्यांमध्ये सापडायला लागली, तेव्हा ज्यांच्याकडे त्या मापाच्या जुन्या बंदुका होत्या ते शोभेवाल्याचे सर्टिफिकेटवाले झाले.

म्हणजे काकांचं डोकं इंग्लंडच्या कायद्यासारखं चालतंय, फक्त राहतात सत्तरीत 😀

अमेरिकेत तर कॅलिफोर्नियाने कायद्यात काडतुसाची मापंच छापली. .५० बीएमजी, म्हणजे मूळच्या जड मशीनगनच्या गोळीच्या, रायफलींवर २००५ पासून बंदी, आणि ती गोळी म्हणजे काय तर टोकापासून बुडापर्यंत ५.५४ इंच, गोळीची जाडी अमुक, पुंगळीच्या बुडाची जाडी तमुक. हे वाचून कंपनीवाल्यांनी काय केलं ते पणजीकरांनी सांगितलेल्या लंडनवाल्यांसारखंच. बॅरेटने .४१६ काढली, तीच पुंगळी आखूड करून आणि मान आवळून. शंभर वर्षांनी तीच गोष्ट.

मेक्सिकोत फौजेच्या गोळ्या लोकांना बंद, म्हणून तिथे पूर्वी .३८ सुपर चालायची. इटलीत ९ गुणिले १९ चालत नव्हती म्हणून पुंगळी दोन मिमी लांब करून ९ गुणिले २१ आली. जिथे जिथे फौजेची गोळी बंद, तिथे तिच्या शेजारी एक सावत्र बहीण जन्माला येतेच.

बांदोडकार_९०

सगळं ठीक आहे पण बातम्या बघा जरा. उत्तरेत पोलीस कट्टे, म्हणजे गावठी पिस्तुलं, पकडतात ते बहुतेक .३१५ चेच असतात. म्हणजे सरकारी गोळी बंद करून उपयोग काय झाला, जी एनपीबी गोळी लायसनवाल्यांना देता तीच बाहेर जाते आणि गावठी नळीत घातली जाते. कायदा कागदावर हुशार, बाकी काय नाय.

खडकीवाला_काका

खरं आहे, मी नाकारत नाही. आमच्या हाताखालून गेलेल्या पेटीतल्या गोळीचा फोटो कधी पेपरात दिसला की, पुंगळीच्या बुडाला आमचीच दोन अक्षरं, घास खाली उतरायचा नाही दिवसभर. पण नियम लिहिताना डोक्यात होतं फौजेचं कोठार, दुकान नव्हतं. दुकानासाठी दुसरा हिशेब आहे, लायसनवर किती गोळ्या तो आकडा असतो, दुकानदार नोंद करतो. तो हिशेब कुठे गळतो ते माझ्यापेक्षा पोलिसांना विचारा.

आणि कट्टा हा कुठल्याच बोअरचा कायदेशीर नसतो हो, त्याला एनपीबी म्हणून सूट नाही. फक्त शिक्षेत फरक पडतो. प्रोहिबिटेड हत्यार बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, १४ पर्यंत. तिथे परत चेंबर कुणाच्या गोळीचं यावर माणसाची सात वर्षं ठरतात.

पूतबाब, तुमच्या कामाचं राहिलंच. २०१६ च्या नियमांत वारसाची सोय आहे, बाबा ७० च्या वर गेलेत किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलंय, यातलं एक पुरे, ते हयात असतानाच तुमच्या नावाने अर्ज करता येतो. सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागेल, आणि बाबांच्या लायसनवर यूआयएन नंबर, म्हणजे लायसनचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक, आहे का ते आधी बघा, जुन्या पुस्तकांवर तो चढवायचा राहिलेला असतो आणि मग ऑनलाइन काही पुढे सरकत नाही. आणि २०१९ पासून माणशी दोनच हत्यारं, पूर्वी तीन होती, तेव्हा तुमच्या नावावर आधी काही असेल तर मोजून घ्या.

नेमबाज_म्हापसा

आणि पूतभाऊ, अर्जात बोअर लिहिताना जे नळीवर कोरलंय आणि जे लायसनवर आहे ते तंतोतंत लिहा. माझ्या ओळखीच्या एकाने .३१५ च्या जागी चुकून .३०५ की काय लिहिलं, फाईल चार महिने फिरत होती, असं बोअर कुणी ऐकलेलंच नाही.

सत्तरीचो_पूत

मंडळी अपडेट देतो. रविवारी घरी होतो, बाबांना बसवलं पडवीत, रायफल काढली, रिकामी आहे ते दोनदा बघितलं, काकांनी सांगितलं तसं बॅटरी मारून चेंबर बघितलं. खरंच उतार दिसतो! इतकी वर्षं ती घरात आहे आणि मी कधी तिथे बघितलं नव्हतं. नळीवर इशापूरचा शिक्का आणि ८ मिमी, .३१५ असं पुसट दिसतं, गंजाने अर्धं खाल्लंय. मग बाबांनी कपाटातून गोळ्यांचा डबा काढला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा, आत नऊ काडतुसं, टोकाला उघडं शिसं आणि बुडावर के एफ आणि ८ मिमी. मी बाबांना म्हटलं ही ऑस्ट्रियाची गोळी आहे, ते म्हणाले काय सांगतोस, ही खडकीची, पुण्याहून येते.

यूआयएन नाहीये पुस्तकावर, तुम्ही बरोबर बोललात खडकीकाका, आधी ते करायला लागेल.

मग धाकट्या काकांकडे गेलो. भिंतीवरून खाली काढली तर पाठीमागे सगळी कोळ्याची जाळी आणि पालीची अंडी. चेंबरच्या वर पुसट मुकुटासारखं काहीतरी कोरलंय आणि खाली दोन अक्षरं गुंतवलेली. आणि बोल्टच नाही! नुसतं भोक. काकांना विचारलं तर म्हणतात डिसेंबर ६१ ला भारतीय सैन्य येतंय असं ऐकून आजोबांनी घाबरून बोल्ट विहिरीत टाकला, बाकीची टाकायला जीव झाला नाही.

पणजीकर_जुनंपुराणं

मुकुट असेल तर ती १९०४ ची असायची शक्यता फार, कारण १९१० ला पोर्तुगालचा राजा गेला आणि मुकुटही गेला. ६.५ ची राहिली की ७.९२ ची केली ते चेंबर मोजल्याशिवाय मी तरी बोलणार नाही. पण बोल्ट नाही म्हणजे सुटलात असं समजू नका हां. बोल्ट दुसरा बसवता येतो, आणि कलमात दुरुस्त करून सुद्धा असं आहे. निर्णय त्यांना देऊ द्या, तुम्ही नका घेऊ.

सत्तरीचो_पूत

वकिलाशी बोललो, तोही हेच म्हणाला. काका आधी तयार नव्हते, म्हणाले एकदा दिली की परत दिसायची नाही, तुझ्या बाबाच्या रायफलीचं काय झालं बघितलं ना. शेवटी पावतीवर तयार झाले, नळीवरचा नंबर आणि मुकुट दोन्ही पावतीत लिहून मिळाले तरच. सोमवारी आम्ही तिघे जातोय, मी, काका आणि वकील. काकांनी आज सकाळीच तिला खोबरेल लावून पुसून ठेवलीय.

खडकीवाला_काका

खोबरेल नको रे, चिकट होतं आणि मग धूळ धरते! पुसून घ्या आधी, मशीन ऑइलचे दोन थेंब बास.

कुळागर_टेन्शन

विहीर उपसायची असेल तर सांगा, माझ्याकडे पंप आहे 😄